दुपारी दोनचा मसाला

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. शाळेत विज्ञान शिकवलंय मी! (अमावास्येला नखं कापत नाही, ती गोष्ट वेगळी...)

थळला आमची नवी कोरी बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर मी एकटी. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. माझ्या बरोब्बर वर मुरुडच्या नसरीनभाभी. त्यांचे मिस्टर कुवेतला. त्यांच्यावर थेट गच्ची. बाकी फ्लॅट मुंबईकरांचे, म्हणजे नुसती कुलपं. बोलायला माणूस म्हणून आम्ही दोघीच.

तर... रोज दुपारी दोनला डोक्यावर धप्प—धप्प—धप्प! मसाला कुटल्यासारखं, चांगली पंधरा मिनिटं. अहो, आम्ही वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून मोकळ्या होतो, आणि ही बाई गणपतीतही कुटतेय! महिनाभर गप्प बसले. मग तणतणत वर गेले.

"भाभी, अजून किती कुटणार? स्लॅब पडेल माझ्या डोक्यावर!"

"मी? कुटता तर तुम्ही, ताई! मला वाटलं मसाल्याचा धंदा काढलाय. शेजारणीला चिमूटभर चवीलाही दिला नाही, म्हणून मीच रुसले होते."

मी तिला खोटारडी म्हटलं, तिने मला. आठ दिवस अबोला. खरं सांगते, घर खायला उठलं. टीव्हीशी बोलायला लागले होते मी. शेवटी मीच तिची बेल वाजवली.

तिच्या घराला कुलूप लावून तिला खाली आणलं. चावी तिच्या मुठीत. दोन वाजले... धप्प—धप्प. वरून!

"या अल्ला! माझ्या घरात कोण शिरलं?"

धावत वर गेलो. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या घराला कुलूप, आम्ही दोघी तिच्या हॉलमध्ये फरशीला कान लावून उपड्या. आवाज खालून!

बिल्डरचा इंजिनिअर आला. "पाइपात हवा धरते हो, मॅडम," म्हणाला. तेवढ्यात दोन वाजले. पाच मिनिटं ऐकलंन, घाम पुसलान, "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

मग भाभी रोज पावणेदोनला खाली यायला लागली. कधी वाफेवरची गरम सांदणं घेऊन, कधी रिकाम्या हाताने. आवाज सुरू झाला की आम्ही चहा ठेवायचो. भीती कधी गेली, कळलंच नाही.

गेल्या महिन्यात आवाज अचानक बंद झाला. त्या दिवशी भाभी माहेरी गेली होती, मी एकटीच ऐकत बसले होते. दोन वाजले, सव्वादोन वाजले... काही नाही. आता भाभी खाली कशाला येईल?

दोन मजल्यांच्या मधे कोण काय कुटत होतं, मला आजही ठाऊक नाही. भाभी परत आली तेव्हा मी ठोकून दिलं, "रोज येतोय हो आवाज."

काल दोघी बसलो होतो. घरात अगदी चिडीचूप. सव्वादोनला भाभीने कप खाली ठेवला, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज जरा जास्तच जोरात होता ना, ताई?"

"हो ना," मी म्हटलं. "उद्या लवकरच या."