आ करा, हप्ता ठरतोय

बाबांच्या गोडाऊनमधला माल रोज ट्रकमधून बाहेर जातो. किस्से मात्र आतच राहतात, कारण त्यांच्यासाठी कोणी गाडी लावत नाही. शाळा सुटली की मी तिथे जाते आणि बाबांची ड्युटी संपेपर्यंत डिस्पॅचच्या कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करत बसते. मग त्यांच्या स्कूटरवरून आम्ही टेमघरला घरी. मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बरंच काही बोलून जातात. मैत्रिणींना एकेक किस्सा सांगितला होता, तर त्या म्हणाल्या, सगळे एकत्र लिही. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की चांगले किस्से सगळे विम्याच्या वर्षातलेच आहेत.

गोडाऊन धामणकर नाक्याच्या पुढे आहे. मुंबईच्या एका कंपनीचे मिक्सर, पंखे आणि कुकर तिथे येतात आणि तिथून दुकानांना जातात. त्या वर्षी कंपनीने सगळ्यांना मेडिकल विम्याचं कार्ड दिलं. हप्त्यातला थोडा भाग पगारातून कापायचा ठरलं. तिथवर सगळे खूश होते. मग मॅनेजर भोईर साहेबांनी माणसं गोळा करून पुढचं वाक्य वाचलं.

"तंबाखूवाले, गुटखावाले, विडीवाले आणि ढेरीवाले, यांचा हप्ता जास्त कापला जाईल. खोटं सांगितलं तर अख्ख्या घराचं कार्ड बंद." मग कागद खाली करून स्वतःच्या भाषेत म्हणाले, "वरशी आलंय. मना काय इचारू नका."

सगळे फक्त साहेबांच्या ढेरीकडे बघत होते.

आमच्या घरात हे कार्ड गमतीची गोष्ट नव्हती. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. रात्री पोट धरून ती उठून बसायची. कल्याणच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ते कार्डावरच होऊ शकणार होतं. बाबा दिवसभर तंबाखू खायचे, पण साहेबांनी विचारल्यावर ते म्हणाले, "नाही." घरी येताना खाडीच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली, पुडी पाण्यात टाकली आणि मला म्हणाले, "सोडणारच आहे, मग हो कशाला सांगू?"

मी पुडी बुडेपर्यंत बघत राहिले. बाबांच्या दुसऱ्या खिशात आणखी एक असेल असं मला उगाच वाटत होतं.

* * *

वजनकाट्यावरच्या इस्माईल चाचांनी जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हो, खातो."

बाबा चक्रावले. "चाचा, तुम्ही कधी खाता?"

"मी नाही खात. पण नाही म्हटलं की तपासायला येणार. आज तोंड बघतील, उद्या घर बघतील. हो म्हणणाऱ्याकडे कोण येतंय?"

चाचांचा जास्त हप्ता कापला जाऊ लागला आणि ते निर्धास्त झाले. बाकीच्यांची मात्र झोप उडाली. फक्त तंबाखू लपवायला कोणी एवढा हप्ता भरत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. चाचा नक्की काय लपवतायत, यावर लोडिंगच्या माणसांत महिनाभर चर्चा चालली होती.

* * *

मुंबईहून तपासणीला एक मॅडम यायच्या. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांचा वजनाचा काटा रस्त्यातल्या खड्ड्यांनी बिघडला होता. साहेब म्हणाले, "आमचा पार्सलचा हाय ना." मग सगळ्यांना पार्सलच्या काट्यावर चढवलं.

चाचांनी आयुष्यभर खोकी तोललेली. साहेब चढल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "ग्रॉस की नेट?"

"नेट," साहेब म्हणाले. "बूट, पट्टा, चाव्यांचा जुडगा, सगळं वजा कर."

वजा करून झालं. साहेब खाली उतरायला वळले, तशी त्यांची पाठ चाचांसमोर आली, आणि चाचांच्या हातात खडू होता. खोकं काट्यावरून उतरताना त्यावर वजन लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं.

ते आकडे साहेबांनी दिवसभर शर्टावर मिरवले. त्यांना सांगायचं कोणी, हाच प्रश्न होता. आधी चाचांना वाटलं बाबा सांगतील, बाबांना वाटलं चाचा सांगतील. शेवटी कोणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट काट्यापाशी. "चाचा, बायकोनं काल दरवाजातच इचारलं. म्हणली, यो पार्सल कुठं उतरवायचा?"

* * *

त्याच दिवशी पोटाची मापंही घेतली होती. टेप बघितल्यावर प्रत्येकाने श्वास आत ओढून पोट पाठीला लावलं. मॅडमही तयारीच्या होत्या. टेप गुंडाळायच्या आणि विचारायच्या, "पूर्ण नाव?"

नाव सांगायचं तर श्वास सोडावा लागतो. भोईर साहेबांनी "ज्ञानेश्वर" एवढं आत ओढलेल्या पोटाने सांगितलं. "काशिनाथ"ला पोट हलायला लागलं. "भोईर"पर्यंत टेप तटतटली.

"आणि गाव?" मॅडमने विचारलं.

"मॅडम," साहेब अगदी हळू म्हणाले, "माप नावापरेंतचंच धरा ना."

* * *

बाबांनी तंबाखू खरंच सोडली होती, पण त्यांच्या हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. चलनं तपासता तपासता डावा तळवा आपोआप उघडायचा, उजवा अंगठा त्यावर फिरायला लागायचा, मग वर दोन टाळ्या. हातात काही नसायचं.

एकदा ट्रक उशिरा आला. बाबा आणि लोडिंगचा यादव माल चढवायच्या फलाटाच्या कडेला बसले होते. बाबांचा अंगठा चालू झाला. मळून झालं, टाळ्या वाजल्या. आमच्याकडे पद्धत अशी, की कोणी मळली की शेजाऱ्याने हात पुढे करायचा आणि मळणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. यादवने हात पुढे केला. बाबांनी चिमटीत नसलेली तंबाखू त्याच्या हातावर ठेवली. यादवने ती ओठाखाली दाबली.

मागे भोईर साहेब येऊन उभे राहिले होते. "काय खाल्लं रं?"

"काही नाही, साहेब," बाबा म्हणाले.

साहेबांनी यादवकडे बघितलं. यादव डोळे मिटून म्हणाला, "कड़क है, साहब."

यादव हसत हसत पुढे लोडिंगला गेला. बाबा हसले नाहीत. घरी जाताना त्यांनी मला दोनदा विचारलं, "साहेब वर कळवतील का गं?"

* * *

मग यादवने कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. तोपर्यंत आमच्या गोडाऊनमध्ये कॅमेऱ्याचा मोबाइल कोणाकडेच नव्हता. तो दिवसातून दहा वेळा मोबाइल वर धरायचा आणि कट असा आवाज यायचा.

झालं. आपल्यातलाच कोणीतरी मुंबईला चुगल्या करतो, असं सगळ्यांना वाटतच होतं; फोटो पाठवणारा तो माणूस हाच, असं ठरलं. यादव दिसला की लोक गुटखा गिळून टाकायचे. विडीवाले कंपाउंडच्या मागे जायचे आणि तिथे यादव दिसला की परत पुढे यायचे. त्या आठवड्यात गोडाऊनच्या भिंती जितक्या स्वच्छ राहिल्या, तितक्या मी कधी पाहिल्या नाहीत.

शेवटी साहेबांनी मोबाइल मागून घेतला आणि बाबांच्या टेबलावर बसून एकेक फोटो बघितला. मी शेजारीच होते, मलाही दिसत होतं. प्रत्येक फोटोत आमची पिवळी फोर्कलिफ्ट. समोरून, बाजूने, धुतलेली, न धुतलेली.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

यादवने मान खाली घातली. "गाँव में बोला है, मेरी है."

* * *

यादव सुटला, पण संशय कुठेतरी जायलाच हवा होता. तो माझ्याकडे आला.

मला हे आधी कळलंच नाही. मी कोपऱ्यात बसून भूगोलाच्या नद्या लिहीत होते, तर यादवने वेफर्सचं पाकीट आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी पेरू दिला. मग ज्यांची नावंही मला माहीत नव्हती ती माणसं येता-जाता बडीशेप, चॉकलेट ठेवू लागली. ठेवताना सगळे वाकून वहीत बघायचे. भोईर साहेबांनी तर लस्सी पाजली आणि म्हणाले, "लिहितीस चांगलं. माझं काय लिहिलं नसशील."

मी म्हणाले, "वैतरणा लिहिलीय."

"ती कोण?" साहेबांनी घाबरून विचारलं.

एवढं सगळं होत असताना मला एकाच गोष्टीचा आधार होता, की बाबा तरी मला ओळखतात. मग एका शनिवारी बाबा माझ्यासाठी गरम सामोसा घेऊन आले. त्यांनी याआधी मला गोडाऊनमध्ये कधीही काही आणून दिलेलं नव्हतं.

* * *

आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दुखणं फार वाढलं होतं. जेवण म्हणजे पेज आणि तीही अर्धी वाटी. मुंबईची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल तिला दाखल करून घेणार नव्हतं आणि मंजुरी मॅडम नावापुढे जी बरोबरची खूण करतील तिच्यावर अवलंबून होती. मॅडम म्हणाल्या, कार्डावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना बोलवा. आई टेमघरहून शेअर रिक्षाने आली आणि आल्याबरोबर एका खोक्यावर बसली.

आधी बाबा. मॅडमने टॉर्च लावली, पांढरा कापूस हिरड्यांवरून फिरवला, उजेडात धरून बघितला. मग पुन्हा फिरवला. कापूस पांढराच राहिला. काट्यामागे इस्माईल चाचांनी मोठा श्वास सोडला. भोईर साहेब चहा सांगायला वळले.

"आता ताई, तुम्ही. आ करा."

बाबा हसत होते. आईकडून कसली भीती? बाबांच्या तंबाखूवरून तीच तर इतकी वर्षं भांडत आली होती.

मॅडमचा कापूस आईच्या दातांवरून फिरला आणि काळा होऊन बाहेर आला.

"दात कशानं घासता, ताई?"

"मशेरीनं," आई म्हणाली. कोणी साबणाचं नाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं.

मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरायची. आई सकाळी लावते, दुपारी जेवल्यावर लावते, टीव्ही बघताना लावते. पण आमच्या आळीत मशेरीला तंबाखू कोणीच म्हणत नाही. ती दात घासायची वस्तू. बाबांनी आईच्या नावापुढे "नाही" सांगितलं होतं ते अगदी खऱ्या मनाने. त्या सगळ्यात त्यांनी खऱ्या मनाने सांगितलेलं तेवढंच होतं.

बाबांचं हसू गेलं. चाचा खोक्यांकडे बघू लागले. साहेबांच्या तोंडून चहाचं नाव अर्धंच निघालं. मॅडमने आईच्या नावापुढे पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं. आईला अजून काही कळलं नव्हतं. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिला कळलं. तिने एक हात पोटावर दाबून धरला.

मॅडमने टॉर्च बंद केली. दाराकडे एकदा बघितलं, मग आईच्या जवळ सरकून हळू आवाजात विचारलं, "विकतची का घरी भाजलेली?"

"घरची," आई म्हणाली.

"आमच्या आईला तशीच लागते. मुंबईत विकतची मिळते, तिला जळकट वास येतो म्हणते. थोडी मिळेल?"

आईने पर्समधून डबी काढली. झाकणावर अंगठा ठेवला, पण उघडलं नाही. तिने मॅडमकडे बघितलं, मग मॅडमच्या हातातल्या पेनाकडे.

"आधी खूण करा," ती म्हणाली.