एकशे सत्तेचाळीस नंबरची शेळी

विज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं, ते पाण्यासारखं सगळ्यांचं असतं — हे वाक्य मी धाराशिवातल्या बऱ्याच व्यासपीठांवरून बोललो आहे, आणि दर वेळी खाली उतरताना माझ्या खांद्यावर शाल होती. पाणी सगळ्यांचं असतं असं या जिल्ह्यात उभं राहून म्हणायला निगरगट्टपणा लागतो. तो माझ्याकडं आहे. पण त्या वाक्यामागं एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. ज्या दोन माणसांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — तुम्ही समोर बसलेले नाहीत म्हणून. यात काही शौर्य नाही, हे मलाही कळतं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी भूमकडच्या शेळीपालकांच्या एका छोट्या संघाचे सचिव माझ्याकडं आले. कांबळे साहेब — जनावरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. आपल्याकडच्या काळ्या शेळीचा वंश टिकावा म्हणून त्यांनी गावोगावच्या शेळ्यांची नोंदवही ठेवली होती: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आई कोण, बाप कोण. एकच बोकड कळपात वर्षानुवर्षं राहिला की तो आपल्याच लेकींवर जातो आणि करडं कमजोर निपजतात. कुठला बोकड कुठल्या कळपाच्या किती जवळच्या नात्यातला, हे वहीत शोधता शोधता त्यांचे डोळे दुखायला लागले होते. मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहून देतो.

लिहिला. नाव ठेवलं ‘सोयरीक’. नोंदी भरायच्या, तो नातं सांगणार. फुकट — आणि नुसता फुकट नाही, खुला. आतली एकेक ओळ कुणीही वाचावी, बदलावी, पुढं द्यावी. जगात कुठंही, कुठल्याही जनावरासाठी. त्या दिवसांत मी स्वतःवर बराच खूश होतो.

लिहिणं सोपं होतं. पोचवायचा कसा, हा प्रश्न होता. असा प्रोग्रॅम एकटा उभा नसतो. लग्नातल्या आचाऱ्यासारखा तो दहा घरची भांडी घेऊन स्वयंपाक करतो — कुणाचा तक्ते वाचणारा भाग, कुणाचा गणित करणारा. मग दोन वाटा असतात. एक वाट अशी, की नुसती यादी द्यायची: अमुक भाग, अमुक आवृत्ती. वापरणाऱ्याचा संगणक नेटवरून एकेक भाग आणतो आणि जुळवतो. किंवा मग सगळी भांडी एकाच पोत्यात बांधायची आणि पोतंच हातात द्यायचं. आत काय आहे ते बघायला कुणी जात नाही. कुठल्याही वाटेनं गेलात तरी एक रिवाज मात्र पाळायचा: चूक सापडली की दुरुस्त करायची, आवृत्तीला नवा नंबर द्यायचा आणि काय बदललं ते चारचौघांत लिहायचं.

कांबळे साहेब म्हणाले, ‘सर, आमच्याकडं नेट रडत येतंय. डबल क्लिक केलं की चालू झालं पाहिजे, न्हाय तर ते तसंच पडून राहील.’

त्यांचं बरोबर होतं. मी पोतं बांधलं. आवृत्ती १.२. पेनड्राइव्हवर दिलं, वेबसाइटवरही ठेवलं. माझ्या संगणकावर प्रोग्रॅम नीट चालत होता — पण बांधलेलं पोतं पुन्हा सोडून, पूर्ण नोंदवही त्यात घालून बघितलं का? नाही. किती वेळ लागला असता? चहा उकळेपर्यंतचा. तरी हा माझा गुन्हा नव्हे बरं का. आळस सगळेच करतात. मी अजून तिथवर आलोच नाही.

ठकूबाईबद्दल आधी सांगतो. भूमच्या पलीकडं एका वस्तीवर राहणारी धनगराची म्हातारी. नवरा कधीच गेलेला, चाळीसेक शेळ्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्याही शेळीकडं बोट दाखवा, ती चार पिढ्या मागं जायची. ही मोरी, मोरीची आय चांदी, चांदीची आय लंगडी, लंगडी आणलेली कुठून आणि कुणाकडून. कांबळे साहेबांची अर्धी वही तिच्या तोंडून उतरलेली. आसपासची माणसं बोकड घेण्याआधी तिला विचारून जायची. तिचा शब्द हाच दाखला होता.

तिचा स्वतःचा एक बोकड होता. करडू असताना परांड्याहून, बहिणीच्या घरून आणून वाढवलेला. संघाच्या बैठकीत त्या वर्षीचे बोकड निवडायचे होते; मलाही बोलावलं होतं. निवडला गेला तर तो कळपात राहणार, आणि शेजारचे लोक आपल्या शेळ्या त्याच्याकडं आणणार. बाद झाला तर महिन्याभरात कळपातून काढायचा — संघाचा नियमच तसा. कांबळे साहेबांनी सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. वही घरीच होती. प्रोग्रॅम असताना ती कशाला आणायची? ठकूबाईच्या बोकडासमोर लाल अक्षरं उमटली: आई — १४७ नंबरची शेळी, याच कळपातली.

म्हणजे हा तिच्याच शेळीचा पोर. अर्धा कळप त्याच्या बहिणी-भाच्यांचा.

‘म्या परांड्याहून आणलाय त्यो, एस्टीत मांडीवर घिऊन,’ ठकूबाई म्हणाली. ‘माझ्या शेळ्या मला ठावं न्हाईत व्हय?’

मागून कुणीतरी बोललं, म्हातारीनं घरचंच करडू पाव्हणं म्हणून खपवलं. लोक हसले. कांबळे साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, ह्यात काही चूक होऊ शकते का?

मी म्हणालो, ‘माणूस विसरतो, कांबळे साहेब. यंत्र विसरत नाही.’

चांगलं वाक्य आहे ना? दोघातिघांनी मान डोलावली. बोकड बाद झाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात दहा ते अकराचा तास मोकळा होता. ‘एस्टीत मांडीवर घिऊन’ — हे टोचत होतं. खोटं बोलणारा माणूस इतकं बारीक सांगत बसतो का? मी पहिल्यांदाच ते पोतं सोडून बघितलं. वीस मिनिटांत सापडलं. बांधताना तक्ते वाचणारा भाग माझ्या एका जुन्या फोल्डरमधून आत गेला होता. त्या जुन्या आवृत्तीला एक खोड होती: नंबराच्या सुरुवातीचं शून्य ती गाळून टाकायची. आणि संघाचे पहिले बिल्ले, परांड्याकडं वाटलेले, शून्यानंच सुरू होत होते. ०१४७ ही परांड्याची शेळी, बोकडाची खरी आई. १४७ ही ठकूबाईची. दोन तालुक्यांतली दोन जनावरं माझ्या प्रोग्रॅमनं एक करून टाकली होती.

बोकड अजून तिच्या दारात होता. महिना हातात होता. एक फोन करायचा — ती खरं बोलत होती, मी चुकलो. आणि वेबसाइटवर आवृत्ती १.३, खाली एक ओळ: आधीचे निकाल धरू नयेत. बस.

मी काय केलं? दुरुस्त पोतं बांधलं. या वेळी तपासलं, चांगलं दोनदा तपासलं. आणि जुन्या फाइलच्या जागी ठेवून दिलं. तेच नाव, तोच नंबर, १.२. कुठं काही लिहिलं नाही. छापून वाटलेल्या निकालपत्रात गुपचूप गुण बदलावेत आणि तारीख तीच ठेवावी, तसलं हे काम. ज्याच्याकडं जुनी प्रत आहे त्याला ती जुनी आहे हे कळायची सोयच उरत नाही.

फोन केला नाही. पुढच्या आठवड्यात कॉलेजात माझा सत्कार होता — ‘सोयरीक’साठीच, बाहेरून पाहुणे येणार होते. म्हटलं, तेवढं होऊ दे. ते झालं. मग म्हटलं, आता सांगितलं तर विचारतील, तेव्हा का नाही? असा प्रोग्रॅम वाटताना सोबत एक परवाना द्यावा लागतो. त्यात शेवटी लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही, नुकसानीला लेखक जबाबदार नाही. ते कलम मी त्या महिन्यात पुष्कळदा वाचलं. चौथ्या आठवड्यात ठकूबाईनं बोकड भूमच्या बाजारात नेला. खाटकानं घेतला.

इथं संपलं असतं तर — पण नाही. तीनेक महिन्यांनी कांबळे साहेब दोन लॅपटॉप आणि वही घेऊन धाराशिवला आले. नव्या लॅपटॉपवर त्यांनी वेबसाइटवरून प्रोग्रॅम घेऊन वहीतल्या नोंदी पुन्हा भरल्या होत्या. एकावर बोकड बाद, दुसऱ्यावर पास. आवृत्तीचा नंबर दोन्हीकडं एकच, मग असं कसं? मी दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघितलं. विचार करत असल्यासारखं. आणि म्हणालो, पहिल्यांदा नोंद भरताना तुमच्याकडून शून्य सुटलं असेल.

हाच तो गुन्हा. आधीची गप्प बसण्याची भित्री कामं एका बाजूला, आणि हे वाक्य एका बाजूला.

आयुष्यभर रजिस्टरं लिहिण्यात खाडाखोड न केलेला माणूस. त्यांनी वही मिटली. ‘सुटलं असंल सर,’ म्हणाले. ‘आता डोळ्यांचा भरवसा न्हाय.’

पुढच्या बैठकीत ते उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, ‘ठकूबाई खरी होती. चूक माझी.’ सचिवपद सोडलं. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. ठकूबाईचं बैठकीला येणं बंद झालं होतं, म्हणून तिची माफी मागायला त्यांना वस्तीवर जायचं होतं. गाडी मी चालवली. तिनं चहा दिला. त्यांनी हात जोडले, सगळं सांगितलं. ती शेळ्यांकडं बघत ऐकत होती.

‘आता मलाबी खात्री न्हाय, साहेब,’ ती म्हणाली. ‘यंत्रात तसं आलं तवाधरनं म्या कुणाला काय सांगतच न्हाय. तुमाला लिवायचं ते लिवा.’

कांबळे साहेबांनी माझ्याकडं बघितलं — शिकलेला माणूस आहे, हा समजावून सांगेल म्हणून. मी समजावलं. हातानं नोंदी भरताना अशा चुका होतातच, मावशी, असं सांगितलं. ती ‘व्हय’ म्हणाली. मी चहा संपवला.

दोघंही हयात आहेत. धाराशिवहून भूमला एस्टी आहे, फोन तर दोघांकडंही आहेत.

फाइल अजून वेबसाइटवर आहे, साऱ्या जगासाठी खुली. आजवर ती एकोणीस वेळा डाउनलोड केली गेली. त्यांतल्या अकरा वेळा मीच.