वाऱ्याकडची बाजू

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वादळानं आमच्या हडपसरच्या घराचे चार पत्रे उडवले. तीन अंगणात सापडले, चौथा शेजाऱ्यांच्या स्कूटरवर. "घेऊन जा हो, आम्हाला स्लॅब आहे," शेजारी म्हणाले. आज सकाळी सहाला मी शिडी लावली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, वय सदुसष्ट.

मुलगा नीलेश हिंजवडीहून आला होता. "बाबा, पुरे आता. घर बिल्डरला द्या आणि माझ्या फ्लॅटवर चला."

"वाऱ्याला भिऊन पोस्ट सोडू? हॅट!"

"अहो, वयाचा तरी विचार करा!" ही दारातून ओरडली. म्हटलं, पत्रे बसले की करतो.

वाऱ्याकडची बाजू आधी बांधायची, हे मला लान्स नाईक दत्तानं शिकवलं. काश्मीरमध्ये उंचावर आमची सहा जणांची पोस्ट होती. सेन्ट्री ड्यूटी, बर्फ उपसणं, चहा, पुन्हा बर्फ. एका दुपारी दोनच्या सुमारास बर्फाच्या वादळात हटचं छप्पर उचलायला लागलं. ते गेलं असतं तर सगळे गारठून मेलो असतो. दत्ता वर चढला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. माणूस वर असताना दोर सोडायचा नाही, हा नियम.

आत रेडिओ वाजला. ऑपरेटर तापानं पडलेला. मी दोर खुंटाला बांधला आणि आत धावलो.

"पोस्ट तीन, रिपोर्ट. ओव्हर."

"छप्पर बांधतोय. ओव्हर."

"पोस्ट सोडू नका. आउट."

बाहेर आलो तर खुंट उपटलेला. वर दत्ता नव्हता. छपराला त्यानं मारलेली शेवटची गाठ मात्र पक्की होती.

आज कमरेला दोर बांधून दुसरं टोक नीलेशच्या हातात दिलं. "काही झालं तरी सोडायचा नाही."

दुसऱ्या पत्र्याचे हूक आवळत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"ऑफिसचा असेल," मी वरून म्हणालो.

"वाजू दे. तुम्ही हूक आवळा."

खाली पाहिलं. दोर त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

साडेनऊला चारही पत्रे बसले. खाली उतरून, आयुष्यात पहिल्यांदाच, मी मुलाला सगळं सांगितलं. लान्स नाईक दत्ता, वय चोवीस. पोस्ट त्यानं राखली, दोर मी सोडला. हे घर मी सोडणार नाही.

नीलेशनं विचारलं, "त्यांची गाठ कशी होती? मला दाखवा."