पाठीवरून ओळखणारी माल-सून

कोरियातल्या देगू शहरात आमच्या हमामात माल-सून ताई बायकांची अंगं घासून द्यायच्या आणि मी दाराशी तिकिटं फाडायचे. तीस वर्षांत देगूतल्या कितीतरी पाठी त्यांच्या हाताखालून गेल्या, पण चेहरा एकीचाही ध्यानात नाही. रस्त्यात कुणी हाक मारली तर ताई कोऱ्या चेहऱ्यानं पुढे जायच्या. मग ती बाई माझ्याकडे येऊन कुरकुरायची.

"अगं, ती पालथी असते," ताई म्हणायच्या. "आणि त्या वाफेत चेहरा कोण बघतं?"

मग साथ आली, हमामाला कुलूप लागलं. ताईंचे हात शिवशिवायला लागले. आधी घरातली पातेली घासून झाली, मग किमचीच्या लोणच्याच्या बरण्या, मग नवऱ्याची पाळी आली. चांग-गिल भावोजी जन्मभर टॅक्सी चालवलेले, गरीब गृहस्थ. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. आठवडाभरानं ते गच्चीवर गेले आणि बाहेरून कडी घालून बसले.

"अहो, खाली या, मान राहिलीय."

"राहू दे. बापानं दिलेल्या कातड्यातली तेवढीच शिल्लक आहे."

मास्कसाठी औषधाच्या दुकानापुढे रांगा लागल्या. सगळ्यांची तोंडं झाकलेली, शेजारीण शेजारणीला ओळखेना. ताई मात्र रांगेत मागून एकेकीला हाका मारायला लागल्या. "निळ्या कोटवाल्या बाई, कंबर कशी आहे?" "बोक-निम आजी, उजवा खांदा पुन्हा उतरला की तुमचा." कोटाआडची पाठ या बाईला दिसते कशी, म्हणून दोघीतिघींनी मफलर खाली ओढून घेतले.

बोक-निम आजी बाजारात मुळे विकायच्या. त्या वसंतातच त्या इस्पितळात गेल्या आणि तिथूनच त्यांना परस्पर दहनाला नेलं. कुणाला जाता आलं नाही. ताईंना फोनवर मीच सांगितलं.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचा चेहरा तरी आठवायला नको का?"

दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला. दूध बिध काही नव्हतं.

उन्हाळ्यात हमाम उघडलं तेव्हा आजींची मुलगी सू-रान पुसानहून आली. तिनं ताईंपुढे फोनमधला फोटो धरला. "आई तुमचं नाव फार काढायची."

ताईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "या कोण?"

सू-रानचं तोंड एवढंसं झालं. मी मागून खुणा करत होते, पण ताईंना खोटं बोलता येत नाही.

"पालथी झोप," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल घेऊन आत गेले तेव्हा त्यांचा हात डाव्या खांद्याखाली थांबला होता. "हा खळगा तुझ्या आईलाही होता. इथे हात लागला की खिदळायच्या. बाकीच्या बायका वैतागायच्या."

"आई खिदळायची?" सू-राननं मान वर केली. "घरी तर कधी हसली नाही."

ताईंनी तिथेच बोट दाबलं. सू-रान फिस्सकन हसली, मग रडायला लागली, मग तिला उचकी लागली आणि ती ओल्या फळीवरून मासळीसारखी घसरली. आम्ही दोघींनी तिला धरून ठेवलं.

कपडे घालून झाल्यावर तिनं अंघोळीनंतर सगळ्या पितात त्या केळ्याच्या स्वादाच्या दुधाच्या बाटल्या आणल्या. ताईंनी तो फोटो पुन्हा मागून घेतला आणि बाटली संपेपर्यंत बघत बसल्या.

"नाक केवढं होतं गं."

"हो," सू-रान म्हणाली. "आमच्यात सगळ्यांनाच आहे."