हिरडीचा तुकडा

शहाण्णव साली गोडादरा या यंत्रमागवस्तीतल्या शालिग्रामच्या हिरड्या सुजल्या. दातांवर चढल्या, चावताना रक्त येऊ लागलं. लूम चालवताना तो पूर्वी तंबाखू खायचा. पण थोरला भाऊ हिलाल तोंडाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा त्याने ती सोडली होती. बायकोला, मालतीबाईला, ते खरं वाटेना. ती त्याचे खिसे चाचपायची.

शेजारच्या बारशाला शालिग्राम जेवायला बसेना. मालतीबाईचा तोल सुटला. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "तोंड उघडा. काय खाता ते दखू द्या लोकेसले."

त्याने उघडलं. बायका नाकाला पदर लावून मागे सरल्या. घरी आल्यावर तो एवढंच बोलला, "मी नही खात, मालती. तुन्ही आन." तिने मान फिरवली.

पुढे ताप आला, तो उतरेना, तशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथेही तिने तंबाखूचंच सांगितलं. रक्ताच्या तपासणीतून नीट उलगडा होईना, म्हणून हिरडीचा तुकडा काढून रंग देऊन तपासायला मुंबईला पाठवला.

निकाल आल्यावर तिथल्या गुजराती डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं. सूज आली की तिथे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींत लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं. या तपासणीत ते तपकिरी उमटतं. साध्या सुजेत अशा पेशी विखुरलेल्या दिसतात. इथे अख्खा तुकडा त्यांनीच भरला होता, आणि त्या सगळ्या कच्च्या, पूर्ण न वाढलेल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर हिरड्यांत उतरला होता.

"मग तंबाखू?" मालतीबाईने विचारलं.

"तंबाखूचं हे नाही, बेन. हे रक्तातून आलंय."

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत जाऊन त्याच्याकडे बघायचं कसं, तेच कळेना. शेवटी खाटेपाशी उभी राहून ती म्हणाली, "मन्हं चुकनं."

शालिग्रामने हाताने तोंड झाकलं. कोणी जवळ आलं की आता तो असंच करायचा. बायको जवळ आली तरीही.

औषधं लागू पडली नाहीत. होळीच्या आधी तो गेला. दहाव्याला बायका हळहळल्या, तंबाखूने घर खाल्लं म्हणाल्या.

"त्यांनी तंबाखू कधीच सोडली होती," मालतीबाई म्हणाली. "मीच तसं सांगत फिरले."

एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला, दुःखात बाई काहीही बोलते असं समजून.