विश्रामभाऊंची मंगळाची माती

आचऱ्याचे विश्रामभाऊ माती तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे होते. साहेब किती आले नि गेले, पण शेतकरी मातीची पुडी घेऊन यायचे ते भाऊंकडेच. भाऊ चिमूटभर माती बोटांत चोळत, वास घेत आणि म्हणत, "ही भाताची न्हय, काजीची." दोन दिवसांनी यंत्राचा कागद तेच सांगायचा.

निवृत्तीनंतर ही विद्या थेट मंगळापर्यंत पोचेल असे कुणाला वाटले होते! त्यांची लेक संचिता बंगळुरात, मंगळावरची माती तपासणाऱ्या गाडीच्या यंत्रावर काम करते. सरावाची छोटी गाडी घेऊन ती घरी आली. गावाजवळच्या सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, तांबडी माती मंगळाच्या मातीशी पुष्कळ जुळते म्हणे. भाऊंनी हौसेने चार पोती माती आणून घरापुढच्या खळ्यात पसरली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संचिताचे साहेब फोनवरून चाचणी बघणार होते. आकडे बरोबर आले तरच तिचे यंत्र पुढे जाणार.

आदल्या संध्याकाळी गाडी मातीवर गेली, तिने किरण सोडला, आणि संचिताचा चेहराच उतरला.

"बाबा, क्लोरीन भरमसाट दाखवता. यंत्र बिघडला."

"परत घे बघया."

तीनदा घेतले. तेच. ती डोळे पुसत स्क्रू काढायला बसली.

भाऊंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट! माडांना घालायला शिरोड्याहून मीठ आणले होते, त्याच रिकाम्या पोत्यांतून त्यांनी माती वाहिली होती. खतामिठाच्या पोत्यात नमुना आणला म्हणून याच माणसाने कितीजणांना आल्या पावली परत पाठवले होते! पण गप्प बसावे, तर लेक धडधाकट यंत्र खोलून ठेवणार.

"गो, ठेव ता खाली. यंत्र बरा आसा. बापूस बिघडलो."

सगळे ऐकून भाऊंच्या पत्नी नर्मदावहिनी दारातूनच म्हणाल्या, "एकतीस वर्सां लोकांका शिकवलास, आणि खळ्यात मंगळ खारट करून ठेवलास!"

सकाळी देवाला दिवा लावून भाऊ सड्यावर गेले, धुतलेल्या धोतरात नवी माती बांधून आणली. अकराला आकडे चोख आले. संचिताने कालचा घोटाळाही सांगून टाकला. साहेब खूशच झाले. मंगळाच्या मातीतही तसले क्षार आहेत, ती खारट मातीही दाखवा म्हणाले. दोन्ही बघून यंत्र पुढे पाठवायचे ठरले.

"बाबा, साहेब इचारतत, मीठ किती आसा हेच्यात?"

भाऊ ताठ उभे राहिले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "त्यांना सांग, नमुना चुकीच्या पद्धतीने घेतलेला आहे. अहवाल ग्राह्य धरू नये."