लिंबाच्या शेडमधलं एमबीए

"टेम्पो भरायला कालेज कशाला लागतंय? पहिलं वरीस झालं, आता बास म्हनावं. लिंबाच्या दिसांत घरात मानूस लागतं."

हे सासूबाई, म्हणजे आई, शेजारच्या शांताकाकूंना सांगत होत्या आणि मी शेडच्या दाराआड चहाचा ट्रे धरून उभी होते. चहा निवला. तो पुन्हा गरम करून आणला आणि काहीच न ऐकल्यासारखा दिला!

मी केडगावची. नगरच्या कॉलेजात सप्लाय चेनचं एमबीए चालू असतानाच लग्न झालं आणि श्रीगोंद्याजवळच्या ह्या लिंबाच्या व्यापाऱ्यांच्या घरात आले. पहिलं वर्ष इथूनच ये-जा करून संपवलं. दुसऱ्या वर्षाला जायचं की नाही, हे घरात ठरत नव्हतं. मला जायचंच होतं, फक्त तसं बोलायचं राहिलं होतं. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. त्यातले हे थोडे.

*

सासरे, म्हणजे आबा, माझ्या शिक्षणाचं कौतुक पारावर सांगतात. "माल कुठून कुठं, कवा, कसा न्ह्यायचा, त्याची डिग्री करतीया सून!"

एकदा एक म्हातारे मला म्हणाले, "मग बाई, आमच्या उसाला तोड कवा येनार, तेवढं सांग की."

आमच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं.

आबा लगेच म्हणाले, "ते दुसऱ्या वर्षाला असतंय!"

*

कॉलेजात 'जस्ट इन टाइम' शिकवलं. साठा करायचा नाही, लागेल तेव्हाच माल आणायचा. मी ते स्वयंपाकघरात लागू केलं. चौथ्याच दिवशी सात शेतकरी लिंबं घेऊन दारात, आणि डब्यात साखर नाही!

"चारी बाजूला साखर कारखानं," आई म्हणाल्या, "आन् आमी वाटी घिऊन शांताच्या दारात! अगं, पाव्हण्यांची साखर येगळी ठिवायची असती."

पुढच्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, "सेफ्टी स्टॉक म्हणजे काय?"

माझ्या तोंडून निघालं, "पाहुण्यांची साखर."

वर्ग हसला. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, आणि तास संपला तरी पुसलं नाही.

*

आमचा टेम्पो वीस वर्षं सलीमभाई चालवतात. मी मोबाईलवर त्यांना जवळचा रस्ता काढून दिला. अर्धा तास वाचत होता. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"रस्ता बराबर हाय वैनी. पन आज शनवार. वाटंत काष्टीला बैलबाजार."

"मग?"

"बैलांकडं मोबाईल न्हाई ना! ते कुठं बाजूला सरकत्यात?"

*

आता माझ्या बाजूचा एक. मी हट्टानं प्रत्येक गोणीवर मार्करनं शेतकऱ्याचं नाव आणि तोडणीची तारीख लिहायला लागले. आई म्हणायच्या, "लिंबाला काय पत्र धाडायचंय का?"

मग एका व्यापाऱ्याचा फोन आला. "माल मऊ आलाय. परत पाठवतो."

आबांनी विचारलं, "गोनीवर काय लिवलंय?"

"काहीच नाही."

"मंग ती आमची न्हाई!"

त्या दिवशी आबांनी हा फोन गावात किती जणांना ऐकवला, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्कर सापडेना, तो आईंच्या कमरेला खोचलेला होता.

*

मला पहिल्या वर्षानंतरचा प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातल्या सगळ्यांनी मोठमोठ्या कंपन्या धरल्या. मी आमची शेड धरली. सर पाहणीला आले, तेव्हा आई लिंबं निवडत बसल्या होत्या. अंगठ्यानं दाबायचं आणि ढिगात टाकायचं, नजर मात्र शांताकाकूंकडे.

"हे आज जवळच्या बाजारात. हे चार दिस टिकंल, लांब जाऊ दे. हे लोनच्याला."

"कसं कळतं?" सरांनी विचारलं.

"कळायचं काय त्यात? हात लावला की कळतं."

सर बूट काढून खाली बसले. एक लिंबू दाबलं, बराच विचार केला आणि लांबच्या ढिगात ठेवलं. आईंनी ते उचलून लोणच्यात टाकलं.

"सर नापास!" शांताकाकू म्हणाल्या.

सर पोटभर हसले. मग बॅगेतून फॉर्म काढला. "इथं कंपनीतल्या मार्गदर्शकाचं नाव आणि सही लागेल."

आबांनी धोतराला चष्मा पुसला आणि खिशातून पेन काढलं. आई लुगड्याला हात पुसत चहा ठेवायला उठल्या.

"आई, बसा," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं. "आबा, पेन त्यांना द्या. माझ्या मार्गदर्शक त्या आहेत. आणि आई, सही करायच्या आधी ऐका. ह्या कागदाशिवाय माझं दुसरं वर्ष सुरू होत नाही. मी जाणार आहे."